प्रोसेसर बदलला आणि सर्व्हर दिसेनासा झाला: मिरजेतल्या एका लॅबचं प्रकरण

मिरजेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचा सगळा कारभार एका साध्या डेस्कटॉप टॉवरवर चालतो. बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, एएमडीचा रायझेन ३ २२००जी प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, एकीची प्रत दुसरीवर राहील अशा जोडलेल्या दोन एसएसडी आणि त्यावर प्रॉक्समॉक्स ८, म्हणजे एकाच मशीनमध्ये अनेक आभासी मशीन चालवणारी सिस्टिम. प्रॉक्समॉक्सच्या पोटात तीन गोष्टी आहेत. एक विंडोज सर्व्हर, त्यात लॅबचं सॉफ्टवेअर आणि त्याचा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस. एक लिनक्स कंटेनर, त्यात रिपोर्टच्या पीडीएफ आणि स्कॅन केलेले कागद ठेवायचं शेअर्ड फोल्डर. आणि एक छोटी लिनक्स व्हीएम (व्हर्च्युअल, म्हणजे आभासी मशीन), जी ॲनालायझरकडून, म्हणजे रक्त तपासणाऱ्या यंत्राकडून येणारे निकाल उचलून लॅबच्या सॉफ्टवेअरला देते. टॉवरला मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. जे काही करायचं ते दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून.

एका रविवारी दुपारी या टॉवरचा प्रोसेसर बदलला गेला. संध्याकाळी मला फोन आला तेव्हा टॉवरचे पंखे फिरत होते, दिवे लागले होते, पण लॅबमधल्या एकाही कॉम्प्युटरला सर्व्हर दिसत नव्हता. सोमवारी सकाळी सातला रक्त द्यायला माणसं येणार होती.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं, की त्या रात्री एकामागून एक जे अडथळे आले त्यातला एकही प्रोसेसरच्या बिघाडाचा नव्हता. प्रोसेसर बदलायचा म्हटलं की लोक ऑपरेटिंग सिस्टिमची काळजी करतात: ‘पुन्हा इन्स्टॉल करावं लागेल का?’ प्रॉक्समॉक्स डेबियनवर उभं आहे, त्याच्या कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) जवळपास सगळ्या हार्डवेअरचे ड्रायव्हर आधीच असतात, त्यामुळे झेनवरून झेन ३ वर, म्हणजे एएमडीच्या जुन्या पिढीवरून नव्या पिढीच्या प्रोसेसरवर जाताना त्याला काही सांगावं लागत नाही. अडतं ते दुसरीकडेच. बोर्डाने लक्षात ठेवलेल्या काही गोष्टी असतात, प्रोसेसरमुळे ठरणारी काही नावं असतात, आणि या दोन्हींवर विसंबलेलं सॉफ्टवेअर असतं. कोणती गोष्ट डिस्कवर साठवलेली आहे आणि कोणती बोर्डावर, हे माहीत असेल तर असलं काम रात्रीत आटोपतं.

बदलाचं कारण

२२००जी हा फेब्रुवारी २०१८ मध्ये आलेला प्रोसेसर. ४ कोअर, ४ थ्रेड. लॅब एकाच जागी होती तोवर त्याने निभावलं. मग कुपवाड रस्त्याला दुसरं कलेक्शन सेंटर सुरू झालं आणि सकाळी आठ ते अकरा या वेळात गाडी अडू लागली. नोंदणी चालू, ॲनालायझरचे निकाल येतायत, तेवढ्यात कोणीतरी महिन्याचा अहवाल काढायला घेतलेला. चार कोअरमध्ये विंडोज सर्व्हर, दोन लिनक्स आणि खुद्द प्रॉक्समॉक्स यांची ओढाताण व्हायची.

नवा सर्व्हर घ्यायच्या ऐवजी त्याच बोर्डावर रायझेन ५ ५६०० बसवायचा, असं लॅबच्या मॅडमनी ठरवलं. ६ कोअर, १२ थ्रेड, वीज तेवढीच ६५ वॅट. निर्णय योग्यच होता. २०२० च्या मे महिन्यात एएमडीने बी४५० बोर्डांवर झेन ३ चालणार नाही असं जाहीर केलं होतं, पण लोकांनी इतका गिल्ला केला की त्याच महिन्यात कंपनीने शब्द फिरवला. त्यामुळे २०१८ सालच्या बोर्डावर २०२२ सालचा प्रोसेसर बसतो. छोट्या व्यवसायांना याचा केवढा आधार आहे हे मी रोज बघतो. चांगला चालणारा टॉवर, पॉवर सप्लाय, रॅम, डिस्क सगळं तसंच ठेवून फक्त एक भाग बदलायचा.

माझं मत विचारलं असतं तर मी ५६००च्या जागी ५६००जी सुचवला असता. ५६००मध्ये ३२ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आहे, जीमध्ये १६, म्हणजे कागदावर ५६०० सरस. पण जीमध्ये ग्राफिक्स आहे. डेस्कटॉपचा सर्व्हर केलेला असेल तर अडीअडचणीला स्क्रीनवर काहीतरी दिसणं हे मला जास्त कॅशेपेक्षा मोलाचं वाटतं. त्या रात्री त्याचाच प्रत्यय आला.

मी पोहोचण्याआधी झालेलं

काम केलं होतं जवळच्या दुकानातल्या एका पोराने. त्याने एक गोष्ट अगदी बरोबर केली होती: जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, अपडेट करून घेतलं. बी४५० चे सुरुवातीचे बायोस झेन ३ ओळखत नाहीत. अपडेट न करता नवा प्रोसेसर बसवला तर बोर्ड उठतच नाही, आणि बऱ्याच बोर्डांवर उठल्याशिवाय अपडेट करता येत नाही.

घोळ झाला कूलर काढताना. या बोर्डाच्या एएम४ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसवायच्या खाचेत) पिना प्रोसेसरला असतात, बोर्डाला नसतात. १३३१ पिना, केसासारख्या बारीक. इतक्या वर्षांत थर्मल पेस्ट वाळून घट्ट झालेली असते. कूलर सरळ वर ओढला की तो प्रोसेसरला सॉकेटमधून उपटूनच वर येतो, सॉकेटची दांडी बंद असली तरीही. इथे तेच झालं आणि २२००जीच्या कोपऱ्यातल्या दोन पिना वाकल्या. हे टाळायचं तर मशीन आधी चांगली तापू द्यायची, बंद केल्याकेल्या स्क्रू काढायचे आणि कूलर डावीउजवीकडे हळूहळू पिळत सोडवायचा. पेस्ट मऊ असेपर्यंतच हा खेळ आहे. दहा मिनिटं चहाला गेलात तर पुन्हा तापवा.

नवा प्रोसेसर नीट बसला होता. मशीन चालू केली तर मॉनिटरवर काहीच नाही, कारण बोर्डावरचं एचडीएमआय पोर्ट प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालतं आणि ५६००ला ते नाहीच. पोराला वाटलं प्रोसेसर मेलेला आलाय. त्याने बोर्डावरची बटणाची बॅटरी काढून पुन्हा घातली, रॅमच्या पट्ट्या आलटून पालटून पाहिल्या, तरी अंधारच. जुना प्रोसेसर परत बसवायची सोय उरली नव्हती. शेवटी ‘बोर्ड उडाला असेल’ असं सांगून तो गेला होता.

रिसेप्शनवरच्या ताईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “दादा, पेशंटचा डेटा गेला का?” तो गेला नव्हता, आणि तसं खात्रीने सांगता आलं. प्रोसेसर आणि बायोस बदलल्याने डिस्कवरच्या मजकुराला हात लागत नाही. शिवाय शनिवार रात्रीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर होता, तो आधी माझ्या लॅपटॉपवर उघडून पाहिला आणि मगच टॉवरला हात घातला.

कोणी न वाचलेला प्रश्न

रिसेप्शनच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये पंखा नसलेलं जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड होतं. ते काढून टॉवरमध्ये बसवलं, मॉनिटर जोडला, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक प्रश्न उभा होता. नवा प्रोसेसर बसवला आहे, एफटीपीएमची साठवण बदलली आहे. ती पुसून नवी करायची असेल तर वाय दाबा, जुनी तशीच ठेवायची असेल तर एन.

दुपारपासून मशीन एवढ्याचसाठी थांबली होती. बोर्ड चांगला, प्रोसेसर चांगला, मशीन एका उत्तराची वाट बघत बसलेली आणि तो प्रश्न दाखवायला तिच्याकडे पडदाच नव्हता.

या प्रश्नाला न वाचता वाय दाबणारे पुष्कळ आहेत, म्हणून जरा थांबून सांगतो. एफटीपीएम म्हणजे प्रोसेसरच्या आतली, किल्ल्या जपून ठेवायची तिजोरी. विंडोजच्या बिटलॉकरने डिस्क कुलूपबंद केली असेल तर त्याची किल्ली तिथे असू शकते. लिनक्सची एनक्रिप्ट केलेली डिस्कही या तिजोरीशी बांधता येते. वाय दाबलं की आतलं सगळं गेलं, आणि रिकव्हरी की लिहून ठेवलेली नसेल तर डिस्कसुद्धा गेल्यात जमा. एन दाबलं तर मशीन पुढे चालू होते, नव्या प्रोसेसरवर एफटीपीएम तेवढं बंद राहतं, आणि जुना प्रोसेसर परत बसवला तर किल्ल्या मिळतात. काय कशाला बांधलेलं आहे हे ठाऊक नसेल तेव्हा एन. नंतर वाय म्हणता येतं, उलट होत नाही.

इथे मी वाय दाबलं, कारण उत्तर माहीत होतं. प्रॉक्समॉक्सच्या डिस्क एनक्रिप्ट केलेल्या नव्हत्या. विंडोज सर्व्हरला टीपीएम होतं, पण ते आभासी. प्रॉक्समॉक्स व्हीएमला जे टीपीएम देतं त्याची साठवण डिस्कवरच्या एका छोट्या फाइलीत असते, खऱ्या प्रोसेसरशी तिचा संबंध नसतो. व्हीएममध्ये बिटलॉकर असतं तरी ते बिघडलं नसतं. खऱ्या विंडोजवर चालणाऱ्या सर्व्हरची गोष्ट मात्र वेगळी. तिथे प्रोसेसरला हात लावण्याआधी बिटलॉकर तात्पुरतं थांबवायचं आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यायची.

बायोस अपडेटमध्ये बोर्डाच्या बूट यादीतून प्रॉक्समॉक्सचं नाव पुसलं गेलं होतं. पण डिस्कवर ठरलेल्या जागी त्याची पर्यायी बूट फाइल होती, ती बोर्डाने शोधली आणि प्रॉक्समॉक्स एकदाचं उठलं. दोन्ही एसएसडींचा झेडएफएस संच (एकमेकींची प्रत ठेवणारी जोडी) पूर्ण, एकही चूक नाही.

पत्ता तोच, नाव बदललं

आता कन्सोलवर लॉगिन होत होतं, पण नेटवर्क नव्हतं. लॅनची वायर जागेवर, पोर्टचा दिवा लागलेला, तरी दुसरीकडून पिंग जाईना.

लिनक्स लॅन कार्डाला नाव देतं ते त्याच्या पीसीआय पत्त्यावरून. कितव्या बसवर, कितव्या खणात. बोर्डावर काही बदललं नाही तोवर हे नाव टिकून राहतं, म्हणून ही पद्धत चांगली. पण एएम४ वर पीसीआयच्या काही वाटा थेट प्रोसेसरमधून निघतात. २२००जीमध्ये त्यांची मांडणी एक, ५६००मध्ये दुसरी, त्यात ग्राफिक्स कार्डाची भर. बसचे आकडे पुढे सरकले आणि काल जे कार्ड ईएनपी३एस० होतं ते आज ईएनपी५एस० झालं. प्रॉक्समॉक्सच्या नेटवर्क फाइलीत मात्र पुलाला (ब्रिजला, ज्यावरून आतल्या व्हीएम लॅनला जोडल्या जातात) जोडायचं कार्ड म्हणून ईएनपी३एस० हेच लिहिलेलं. त्या नावाचं कार्ड आता अस्तित्वात नाही, म्हणून पूल हवेत.

फाइलीत तीनच्या जागी पाच लिहिलं की काम होतं, आणि बहुतेक जण तेवढंच करतात. मला ते पुरेसं वाटत नाही. उद्या ग्राफिक्स कार्ड काढलं, दुसऱ्या खणात काही लावलं, की आकडे पुन्हा सरकू शकतात आणि पुन्हा कोणीतरी टॉवरपाशी मॉनिटर घेऊन बसणार. कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यात मिळालेला क्रमांक, अशा बदलांनी बदलत नाही. म्हणून सिस्टिमडीच्या (लिनक्समध्ये सगळं सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) लिंक फाइलीत लिहून टाकलं की या मॅक पत्त्याच्या कार्डाला ‘लॅन०’ म्हणायचं, आणि पुलाला जोडायचं कार्ड म्हणूनही तेच नाव लिहिलं. त्यानंतर ग्राफिक्स कार्ड मुद्दाम काढून मशीन चालू केली. बोर्डाने बीप दिले, ग्राफिक्सचा छोटा लाल दिवा लागून राहिला, पण मशीन उठली आणि नेटवर्कवर आली. काही बोर्ड ग्राफिक्स नसेल तर पुढेच जात नाहीत. हा जातो हे आता माहीत झालं. तरीही कार्ड परत आत बसवलं आणि तिथेच राहू दिलं. थोडी वीज खातं, पण पुढच्या वेळी प्रश्न दिसेल.

घड्याळाचा मुद्दा इथेच सांगायला हवा. बॅटरी काढल्यामुळे बोर्डाची तारीख कितीतरी वर्षं मागे गेली होती. नेटवर्क नसल्याने इंटरनेटवरून वेळ जुळवता येत नव्हती. लॅबच्या दृष्टीने ही भानगड गंभीर आहे, कारण रिपोर्टवर सॅम्पल घेतल्याची तारीख आणि वेळ छापली जाते, आणि ती सर्व्हरच्या घड्याळावरून येते. नेटवर्क जुळताच प्रॉक्समॉक्सने वेळ सुधारून घेतली. तोवर विंडोज सर्व्हर चालू झालेला नव्हता, त्यामुळे चुकीच्या तारखेची एकही नोंद डेटाबेसमध्ये शिरली नाही. मी तिन्ही गोष्टींचं आपोआप चालू होणं तात्पुरतं बंद करून ठेवलं आणि मग पुढे गेलो.

फोल्डर उघडतं, सॉफ्टवेअर उघडत नाही

वेळ जुळल्यावर मी तिन्ही गोष्टी हाताने चालू करायला घेतल्या. ताई रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवरून म्हणाल्या, “फोल्डर दिसायला लागलं, पण सॉफ्टवेअर सर्व्हर सापडत नाही म्हणतंय.” या एका वाक्यात निदान होतं.

शेअर्ड फोल्डर कंटेनरमध्ये आहे. कंटेनर प्रॉक्समॉक्सचाच कर्नल वापरतो, त्याला प्रोसेसरच्या व्हर्च्युअलायझेशनची (आभासी मशीन चालवायच्या सोयीची) गरज नसते. विंडोज सर्व्हर पूर्ण व्हीएम आहे, त्याला ती लागते. कंटेनर चालतो आणि व्हीएम चालत नाही म्हणजे बोर्डावरचं व्हर्च्युअलायझेशन बंद. व्हीएम पुन्हा चालू करून पाहिली तर प्रॉक्समॉक्सने तेच सांगितलं: केव्हीएम (लिनक्सची व्हीएम चालवायची यंत्रणा) वापरायला सांगितलंय, पण ते उपलब्ध नाही, बायोसमध्ये चालू करा.

एएमडीच्या डेस्कटॉप बोर्डांवर या सोयीचं नाव एसव्हीएम मोड, आणि बहुतेक बोर्डांवर ती मुळात बंदच येते. बायोस अपडेट झालं की सगळ्या सेटिंग मूळपदावर. ती शोधायलाही वेळ लागतो, कारण काही बोर्डांवर ती ओव्हरक्लॉकिंगच्या पानात, प्रोसेसरच्या उपपानात दडवलेली असते. सर्व्हर चालवणारा माणूस ओव्हरक्लॉकिंगच्या पानात कशाला जाईल? पण जावं लागतं.

त्या पानात गेलोच होतो, तर बाकीचंही पाहून घेतलं. सगळ्यात महत्त्वाचं होतं वीज गेल्यानंतरचं वागणं. डेस्कटॉप बोर्डाची मूळ सेटिंग अशी असते की वीज परत आली तरी मशीन बंदच राहते, कोणीतरी बटण दाबेपर्यंत. आपल्याकडे महावितरणची लाइन देखभालीसाठी तासन्‌तास बंद असते, यूपीएस संपतो, आणि वीज येते तेव्हा लॅबला कुलूप असतं. ही सेटिंग लागलीच चालू केली आणि मशीन रीतसर बंद करून, प्लग काढून, पुन्हा लावून तपासलीसुद्धा. पहिल्या पिढ्यांचे रायझेन निवांत असताना लिनक्सवर कधीकधी गोठायचे, त्यावर उपाय म्हणून बायोसमध्ये एक सेटिंग करायची पद्धत आहे: मशीन रिकामी बसलेली असताना पॉवर सप्लायने नेहमीचा करंट चालू ठेवायचा. या लॅबमध्ये ती केलेली होती, पुसली गेली होती, ती खबरदारी म्हणून परत लावली. रॅमचा वेग मात्र मुद्दाम वाढवला नाही. जाहिरातीतला वेग गाठण्यासाठीची एक्सएमपी ही सोय खेळणाऱ्यांसाठी ठीक, पण चोवीस तास चालणाऱ्या मशीनवर मला रॅम तिच्या साध्या, प्रमाणित वेगावरच बरी वाटते.

सॉफ्टवेअर कोणत्या प्रोसेसरला ओळखत होतं

विंडोज सर्व्हर उठला. पहिल्या वेळी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ घेतला, पण ॲक्टिव्हेशन टिकलं. त्याच्या लायसन्सचाही प्रश्न नव्हता. विंडोज सर्व्हरचं लायसन्स कोअरवर असलं तरी एका मशीनला किमान १६ कोअरचं घ्यावंच लागतं, त्यामुळे ४ चे ६ झाले तरी हिशेब तोच. प्रॉक्समॉक्सचं सबस्क्रिप्शन सॉकेटवर असतं, सॉकेट एकच.

लॅबचं सॉफ्टवेअर मात्र अडून बसलं. जुने रिपोर्ट दिसतात, नवी नोंद होत नाही, आणि ‘लायसन्स या मशीनचं नाही’ असा संदेश. विंडोजला प्रोसेसरचा जो क्रमांक विचारता येतो त्यावर याचं कुलूप होतं. तो क्रमांक अनुक्रमांकासारखा वाटतो, पण तसा नाही. प्रोसेसरची पिढी, मॉडेल आणि त्यात असलेल्या सोयी यांवरून तो बनतो, आणि एकाच मॉडेलच्या सगळ्या प्रोसेसरांचा सारखाच असतो. म्हणजे ओळख पटवायला तो कुचकामी, पण बऱ्याच छोट्या सॉफ्टवेअरांत तो वापरतात.

व्हीएममध्ये हा क्रमांक बदलायचं काय कारण? कारण या व्हीएमचा प्रोसेसर ‘होस्ट’ या प्रकारावर ठेवलेला होता. होस्ट म्हणजे खरा प्रोसेसर जसा आहे तसा आत दाखवायचा. वेग पूर्ण मिळतो, पण खालचा प्रोसेसर बदलला की आतलाही बदलतो. प्रॉक्समॉक्समध्ये त्याऐवजी ठरावीक साच्याचा प्रोसेसर दाखवता येतो. ८ पासून नव्या व्हीएमला डीफॉल्टने एक्स८६-६४-व्ही२-एईएस हा साचा मिळतो. त्याच्या वरचा व्ही३, ज्यात एव्हीएक्स आणि एव्हीएक्स२ हे आदेशही येतात. साच्याचा प्रोसेसर सगळीकडे सारखाच दिसतो, निदान एएमडीवरून एएमडीवर जाताना तरी.

इथे क्रम महत्त्वाचा होता. आधी नवी किल्ली मागवून मग प्रकार बदलला असता तर ती किल्लीही वाया गेली असती. म्हणून रात्रीच व्हीएम बंद करून प्रकार व्ही३ केला, चालू केली, सॉफ्टवेअर दाखवतं तो नवा मशीन कोड लिहून घेतला. व्ही२ का नको? या लॅबला त्यानेही चाललं असतं, पण साचा निवडताना आत काय चालणार याचा विचार करावा लागतो. मोंगोडीबी हा डेटाबेस ५.० पासून एव्हीएक्स मागतो. व्ही२ वर तो ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून जागच्या जागी कोसळतो, आणि लोक डेटाबेस बिघडला समजून तासन्‌तास घालवतात. २२००जी आणि ५६०० दोन्ही व्ही३ मध्ये बसतात, मग वरचाच घेतला.

जुन्या प्रोसेसरचा क्रमांक व्हीएममध्ये मुद्दाम दाखवून सॉफ्टवेअरला फसवता आलं असतं. मॅडमनी विचारलंही, “सकाळपर्यंत तेवढं करता येईल का?” मी नाही म्हटलं. ज्यांचं सॉफ्टवेअर आहे त्यांच्याकडे मागितलेली किल्ली हाच सरळ मार्ग होता, आणि पुढे कधी त्यांची मदत लागली तर मशीन काय आहे याबद्दल त्यांना खोटं सांगावं लागलं नसतं. सोमवारी सकाळी ताईंनी नोंदी रजिस्टरमध्ये हाताने केल्या, ट्यूबवर आधीच छापून ठेवलेले बारकोड चिकटवले. कंपनीचं ऑफिस उघडल्यावर फोनवर कोड सांगितला, किल्ली आली, दुपारच्या आत रजिस्टरमधल्या नोंदी सॉफ्टवेअरमध्ये चढल्या. संध्याकाळचे रिपोर्ट वेळेवर गेले.

आणखी एक गोष्ट राहिली होती. त्या व्हीएमचा एक जुना स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीची साठवलेली प्रत) रॅमसकट घेतलेला होता. त्यात चालू स्थितीतला विंडोज, २२००जीला पाहत असलेला, गोठवलेला आहे. तो ५६००वर परत जिवंत करायला गेलं तर विंडोज कोसळण्याचीच शक्यता. म्हणून तो काढून टाकला आणि नव्या स्थितीचा पूर्ण बॅकअप घेतला. प्रोसेसर बदलण्याआधी व्हीएम झोपवून ठेवू नयेत, पूर्ण बंद कराव्यात, याचं कारणही हेच.

काय सुधारलं, काय नाही

सकाळची ओढाताण थांबली. विंडोजला ४ कोअर दिले तरी बाकीच्यांना जागा उरते, आणि झेनवरून झेन ३ वर आल्याने एकेक कोअरही बराच वेगवान आहे. रात्रीचा बॅकअप दाबून लहान करण्यात आधी प्रोसेसर अडायचा, ते काम आता लवकर उरकतं.

फोल्डरमधल्या मोठ्या फाइली उघडायला मात्र तेवढाच वेळ लागतो. लॅन एक गिगाबिटची आहे, त्यातून सेकंदाला १२५ एमबीच्या पुढे काही जाणारच नाही, प्रोसेसर कोणताही असो. दोन वर्षांपूर्वीच्या पेशंटचा रिपोर्ट शोधतानाही पूर्वीइतकंच थांबावं लागतं. एसक्यूएल सर्व्हरची इथली एक्सप्रेस आवृत्ती (२०२५ च्या आधीची) ४ पेक्षा जास्त कोअर वापरत नाही, डेटासाठी कॅशे म्हणून जेमतेम १४१० एमबी रॅम घेते, आणि डेटाबेस १० जीबीच्या वर जाऊ देत नाही. ३२ जीबी रॅम समोर पडून आहे, पण हात लावायची परवानगी नाही. मॅडमनी प्रोसेसर घेताना हा शोध वेगवान होईल असं धरलं होतं, त्यामुळे हे स्पष्ट सांगणं गरजेचं होतं. मार्ग दोन आहेत: जुन्या वर्षांचा डेटा वेगळ्या डेटाबेसमध्ये हलवायचा, किंवा पैसे भरून वरची आवृत्ती घ्यायची. डेटाबेस दहाच्या जवळ पोहोचायला लागलाय, तेव्हा पहिला मार्ग तर लवकरच धरावा लागेल. त्यासाठी सॉफ्टवेअर कंपनीशी बोलणं चालू आहे.

खऱ्या सर्व्हरमध्ये बीएमसी नावाचा एक स्वतंत्र छोटा कॉम्प्युटर असतो, स्वतःच्या नेटवर्क पोर्टसकट. त्यातून बायोसचा पडदा घरबसल्या दिसतो, तो वाय-एनचा प्रश्नसुद्धा. डेस्कटॉपला ही सोय नाही, आणि माझ्या मते डेस्कटॉपचा सर्व्हर करण्यात हीच खरी उणीव आहे, वेग किंवा टिकाऊपणा नंतर. लॅबला पायकेव्हीएमसारखं एखादं उपकरण सुचवलंय, जे मॉनिटर आणि कीबोर्डच्या पोर्टांना जोडून तोच पडदा नेटवर्कवर देतं. ग्राफिक्स कार्ड आत ठेवलंय ते त्यालाही लागेलच.

बायोसच्या प्रत्येक पानाचे फोटो काढून छापील प्रती टॉवरच्या आतल्या बाजूला पाकिटात ठेवल्या आहेत. २२००जीच्या वाकलेल्या पिना पेनपेन्सिलच्या रिकाम्या टोकाने सरळ केल्या; माझ्या टेबलावरच्या बोर्डावर तो चालतोय, म्हणून पर्याय म्हणून लॅबलाच परत दिला. प्रॉक्समॉक्स ८ चा आधार ऑगस्ट २०२६ पर्यंत आहे. त्याच्या आत ९ वर जायचं ठरलंय, तेही शनिवारी दुपारी सॅम्पल संपल्यावर, म्हणजे हाताशी पूर्ण रविवार राहील.